सेकंडहँड बाईक घेतली? आधी जुना मालक गाडीतून बाहेर काढा, मग मॉडिफिकेशन

सेकंडहँड बाईक घरी आली की पहिल्या दिवशी पेढे आणि दुसऱ्या दिवशी सायलेन्सरचे व्हिडिओ, हा क्रम ठरलेला आहे. पेढे खा, सायलेन्सर जरा राहू द्या. पुण्यात जुन्या गाड्यांना तोटा नाही, दर सोसायटीच्या पार्किंगमधे एखादी पल्सर नाहीतर युनिकॉर्न कव्हरखाली धूळ खात असते, पोरगा बंगलोरला नाहीतर जर्मनीला गेलेला असतो आणि वडील महिन्यातून एकदा सेल्फ मारून "चालू कंडिशन" म्हणून विकून टाकतात. गाडी चालू असते हे खरंय. पण जुना मालक सही करून गेला तरी गाडीत तो असतोच, म्हणजे त्याचं काळं ऑइल, त्याने ताणून ठेवलेली चेन, त्याने हॉर्नसाठी कापलेल्या वायरी, त्याच्या गॅरेजवाल्याने दुसऱ्याच गाडीचा बसवलेला नट. हे सगळं काढून गाडी एकदा कंपनीने बनवली तशी करायची, तशीच थोडे दिवस चालवायची, आणि मग गाडी जिथे त्रास देईल तिथेच बदल करायचे. एवढंच सांगायचंय, बाकीचा सगळा तपशील.

कागद पटकन उरकून घेऊ. चासी नंबर (बहुतेक गाड्यांना हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो) आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा, पाठवलेल्या फोटोवरून नाही, स्वतः टॉर्च मारून. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, लोन असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत नाव बदलायचा अर्ज द्यायचा असतो, हे लोक हमखास विसरतात आणि ठोकल्यावर आठवतं. पेंडिंग चलनं महाट्रॅफिकवर (ट्रॅफिक पोलिसांचं ई-चलन) आधीच बघा, एकेका पुणेरी गाडीवर गाडीच्या किमतीच्या मानाने बरीच चलनं निघतात. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी नसेल तर ती पण लावून घ्यायची आहे.

आता कामाचं. पहिलं काम म्हणजे धुणं, आणि ते स्वतः करायचं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने बेअरिंगमधे, स्विचमधे पाणी जातं हे एक कारण, पण खरं कारण असं की हाताने धुताना गाडी कळते. एका डब्यात डिझेल किंवा रॉकेल, जुना पेंटिंग ब्रश, चिंध्या, आणि दोन तास. इंजिनच्या खालची, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) कव्हरमागची चिखल-ऑइलची खिचडी काढून टाका. सगळं कोरडं करा, दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा आणि परत बघा, आता जिथे ओलं दिसेल तिथेच गळती. हेड गॅस्केटच्या कडेला आहे, गिअर शाफ्टच्या सीलमधून येतंय, का नुसतं ड्रेन बोल्टचा वॉशर गेलाय, हे धुतल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, मेकॅनिक सांगतो ते अंदाजानेच. धुताना फ्रेमवर वेल्डिंगचे नवे डाग, एकाच बाजूला वेगळी रंगछटा, फूटरेस्टची घासलेली टोकं पण दिसतात, म्हणजे गाडी कुठल्या बाजूला लोळलीय ते कळतं.

ऑइल. जुना मालक "मागच्याच महिन्यात बदललं" म्हणाला असेल तरी बदला. इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा, गाडी मेन स्टँडवर सरळ, खाली पसरट डबा, ड्रेन बोल्ट काढा. निघालेलं ऑइल फेकून द्यायच्या आधी नीट बघा. काळं असेल तर काही नाही, ऑइल काळं होणारच. दुधाळ, चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. बोटावर चोळून बारीक चमक दिसली तर चालतं, पण नखाने उचलता येतील असे धातूचे तुकडे असतील तर ती गाडी आधी चांगल्या मेकॅनिकला दाखवा, पुढचं सगळं नंतर. नवं ऑइल मॅन्युअलमधे जे ग्रेड दिलंय तेच घ्यायचं, जुन्या एअरकूल्ड गाड्यांना बऱ्याचदा २०डब्ल्यू-५० असतं, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलची जपानी खूण) लिहिलेलं असलं पाहिजे. कारचं ऑइल घरात शिल्लक आहे म्हणून ओतू नका. बाईकचा क्लच त्याच ऑइलमधे बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लचप्लेटा घसरवतात. गाडीला फिल्टर असेल तर फिल्टर बदला, जाळी असेल तर काढून धुवा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन टाका, पाच-दहा रुपयांची गोष्ट आहे, आणि बोल्ट हात राखून आवळा कारण खालचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की लेथवाल्याकडे हेलिकॉइल (नव्या आट्यांची वळी) बसवायला जावं लागतं. किती वर्षं बदललं नव्हतं याचा अंदाज नसेल तर पहिलं ऑइल साधं मिनरल टाका, पाचशे किलोमीटरला काढा, आणि मग चांगलं टाका. महागडं सिंथेटिक पहिल्यांदाच ओतलं तर ते आतली घाण धुण्यातच खर्ची पडतं.

प्लग काढला की इंजिनची पत्रिकाच हातात येते. टोक विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम, सुकं काळं काजळ असेल तर पेट्रोल जास्त पडतंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय, ओलं चिकट काळं असेल तर ऑइल वर येतंय, आणि पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी, गाडी तापत असणार. पल्सरवाल्यांनी लक्षात ठेवा की डीटीएस-आयला दोन प्लग असतात (एनएस२०० ला तर तीन), एक समोर दिसतो तो सगळे बदलतात आणि दुसरा दडलेला आहे तो कंपनीतून निघाला तेव्हाचाच असू शकतो. धुराचं पण बघून घ्या. सकाळी पहिल्या स्टार्टला भकाभक निळा धूर येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, रेस केल्यावर सतत निळा येत असेल तर पिस्टन रिंगा आणि मग खर्च मोठा. थंडीत थोडा पांढरा दिसतो ती वाफ, तिला घाबरू नका.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावर ठेवायच्या बारीक फटीबद्दल, एक उलटी गोष्ट आहे. टॅपेटचा आवाज येतो म्हणून लोक घट्ट करून घेतात, आणि गाडी एकदम शांत झाली की खूश. पण सैल टॅपेट नुसतं वाजतं, घट्ट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह जाळतं. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभं राहिल्यावर, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मॅन्युअलमधल्या आकड्यावर सेट करणारा माणूस शोधा. कानाने सेट करणारे उस्ताद असतात, पण पहिल्यांदा गेजच लावा.

एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमधे धुऊन पिळून थोडं ऑइल लावून परत, कागदी असेल तर सरळ नवा, फुंकर मारून काही होत नाही. पेट्रोलची लाईन जास्त महत्त्वाची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचतं आणि जुने रबरी पाईप कडक होऊन चिरतात. पाईप वाकवून बघा, भेग दिसली की बदला, तापलेल्या इंजिनच्या वर पेट्रोल ठिबकणं ही गंमत नाही. कार्बोरेटरवाली गाडी असेल तर खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून काचेच्या ग्लासात थोडं पेट्रोल काढा, तळाशी थेंब वेगळे पळताना दिसले तर ते पाणी. टाकीच्या झाकणाच्या खोबणीत एक बारीक भोक असतं, पावसाचं पाणी जाण्यासाठी, ते मातीने बुजलं की पुण्याच्या पावसाळ्यात ते पाणी झाकणावाटे सरळ टाकीत. तार घालून मोकळं करा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि कार्बोरेटरचे स्क्रू साध्या फुलीच्या पेचकसने उघडायला जाऊ नका, जपानी पद्धतीचे असतात ते, जेआयएस बिट मिळतो तो घ्या, नाहीतर डोकी गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा.

ब्रेक आणि टायरवर मात्र काटकसर नाही. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी छान दिसते पण टायर सात-आठ वर्षांचा आहे, रबर दगड झालंय, असं कमी चाललेल्या गाड्यांत फार सापडतं, आणि जुलैत ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर समजतं. डिस्क ब्रेकचं ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर बदला, ते हवेतलं पाणी शोषतं म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच असतं. झाकणावर डॉट ३ किंवा ४ जे लिहिलंय तेच, आणि डॉट ५ चुकूनही नाही, ते सिलिकॉनचं वेगळंच प्रकरण आहे. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, टाकीवर ओलं फडकं टाकून मगच काम करा. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं की अर्ध्या गाड्यांचा "डिस्क लागत नाही" हा आजार बरा होतो. मागच्या ड्रमला बाहेर एक बाण असतो, ब्रेक दाबल्यावर तो खुणेच्या पुढे गेला की लायनर संपले.

चेन. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला चेन बोटाने ओढा, दात अर्धा उघडा पडला तर चेनसेट गेला, आणि सेट म्हणजे सेटच, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम, नुसती चेन टाकली तर जुने दात नव्या चेनला महिन्यात खातात. ढिलाई किती ठेवायची त्याचा स्टिकर गाडीवरच असतो, बऱ्याच कम्युटर गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे सगळ्यात घट्ट असेल तिथे सेट करा. जुने मालक चेन ताणून ठेवतात, आवाज येत नाही म्हणून, आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग बिचारं ओरडतं. साफ करायला रॉकेल घ्या, पेट्रोल नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. आणि इंजिन चालू ठेवून गिअरमधे चाक फिरवत चेनला हात लावायचा नाही, कुणी कितीही सराईतपणे करत असलं तरी. बोटं परत येत नाहीत.

कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) बघायला पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा, बरोबर मधे आल्यावर "टक" करून बसलं तर बॉल रेसला खड्डे पडलेत. पुण्याचे स्पीडब्रेकर आणि खोदलेले रस्ते पाहता आश्चर्य वाटायला नको. फोर्कच्या नळ्यांवर ऑइलची रिंग दिसते का बघा, आणि क्लचसाठी टॉप गिअरला चाळीसच्या स्पीडला एकदम मूठ पिळा, आवाज वाढला पण गाडी पुढे सरकली नाही तर क्लचप्लेटा.

सामान कुठून? स्पेअरसाठी नाना पेठ, जुनी वस्तू सॅम्पल म्हणून हातात घेऊन जा आणि "ओरिजिनल का" असं विचारण्याऐवजी पार्ट नंबर सांगा, मग दुकानदार पण तुमच्याशी वेगळं बोलतो. पाने-पकडी रविवार पेठेत बोहरी आळीत, वायर, रिले, फ्यूज, मल्टिमीटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे आरसा, साईड पॅनल, एखादी जुनी टूलकिट बघायला मजा येते, पण ब्रेकचं, चाकाचं, हँडलचं काही तिथून घेऊ नका.

इथवर आलात की सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात पैसे वाचवणारं काम: वायरिंग. टाकी आणि सीट काढा. काळ्या टेपचे फुगलेले गोळे दिसतील, तिथे तिथे जुन्या मालकाने काहीतरी जोडलं होतं, अँटीथेफ्ट अलार्म, निळी पट्टी, दोन हॉर्न, आणि काढताना वायरी तशाच लोंबत ठेवल्या. एकेक गोळा उघडा. कंपनीच्या वायरीला रंगाचा कोड असतो, जी वायर कोडमधे बसत नाही ती बाहेरची. ती मुळापासून काढा, कापलेली जागा सोल्डर करून हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) लावा. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगरेटची चंदेरी कागदी पट्टी सापडली तर ती फेकून द्या आणि लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज टाका. फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकणारे लोक फ्यूजऐवजी आख्खी हार्नेस (वायरींचा जुडगा) जाळतात. मग मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे. सेल्फ मारताना १० च्या खाली घसरली तर बॅटरी दमलीय. इंजिन तीन-चार हजार आरपीएमला धरल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. कमी दिसलं तर स्टेटर (इंजिनमधली वीज बनवणारी कॉइल) किंवा आरआर युनिट (ती वीज बॅटरीजोगी करणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर), १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट नक्की, आणि अशा गाडीला नवी बॅटरी टाकणं म्हणजे नव्या बॅटरीचा बळी. "बॅटरी बदला" असं गॅरेजमधे सांगितलं की आधी हे तीन आकडे घ्या, मग पाकीट काढा.

मग गाडी चालवा. ऑफिसला, पेठेतल्या गर्दीत, कात्रजच्या जुन्या घाटातून, दिवे घाटातून, डबलसीट घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. टाकी फुल करून ट्रिपमीटर शून्य, परत फुल केल्यावर भागाकार, अ‍ॅव्हरेज कळतं. आणि मोबाईलमधे लिहीत जा काय खटकतंय ते, मनगट दुखतंय, रात्री दिसत नाही, घाटात दुसऱ्या गिअरवर रडते, मागची सीट मैत्रिणीला टोचते. ही यादी म्हणजे तुमची मॉडिफिकेशनची यादी, इंस्टावरची नाही.

मॉडिफिकेशनच्या आधी कायदा एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे हेच ठणकावून सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीट, ग्रिप, चांगले टायर, मोबाईल होल्डर यासाठी कोणी अडवत नाही. फ्रेम कापणं, इंजिन बदलणं, सायलेन्सर, फॅन्सी पाटी, हे दुसऱ्या बाजूचं. विमा कंपनीला न सांगता केलेला मोठा बदल क्लेमच्या वेळी तुमच्यावरच उलटतो, ते वेगळं.

माझ्या मते पहिला खर्च हेडलाईटवर, कारण रात्री दिसलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. पण लगेच एलईडी बल्ब घेऊन येऊ नका. आधी काच आणि आतला चंदेरी रिफ्लेक्टर बघा, पिवळा किंवा काळपट झाला असेल तर कुठलाही बल्ब टाका, उजेड तेवढाच. मग हेडलाईट चालू ठेवून बल्बच्या पिनेवर मीटर लावा आणि बॅटरीवर लावा, एक व्होल्टचा फरक आला तर हॅलोजनचा जवळजवळ पाव उजेड वायरीतच गेला. जुन्या गाड्यांत करंट बॅटरीतून स्विचमधे, स्विचमधून बल्बला असा लांबचा प्रवास करतो. इलाज म्हणजे रिले, बॅटरीतून जाड वायर, मधे फ्यूज, रिलेमार्गे बल्बला, आणि जुना स्विच फक्त रिलेला हुकूम देतो. तोच बल्ब वेगळाच दिसतो. पण एक तपासा, इंजिन बंद असताना हेडलाईट लागतो का? लागत नसेल आणि रेस केल्यावर उजेड वाढत असेल तर ती एसी लाईन आहे, म्हणजे हेडलाईट बॅटरीऐवजी थेट इंजिनच्या विजेवर चालतो, तिथे हा रिलेचा आणि एलईडीचा खेळ सरळ चालत नाही, आधी हेडलाईट बॅटरीवर आणावा लागतो आणि चार्जिंग पुरतं का ते बघावं लागतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमधे स्वस्त एलईडी बल्ब टाकला की उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत, रस्त्यावर काही नाही. आणि ते १००/९० वॅटचे बल्ब होल्डर वितळवतात. फॉग लाईट लावायच्याच असतील तर तोंड खाली करून, वेगळ्या स्विचवर, आणि शहरात बंद. सिंहगड रोडवर रात्री समोरून पांढरा सूर्य घेऊन येणाऱ्यांबद्दल काय बोलायचं, जाऊ दे.

हॉर्नचं तेच. दोन विंडटोन हॉर्न चालतात पण रिलेवर, नाहीतर स्विचचा कॉन्टॅक्ट जळतो. प्रेशर हॉर्न, गाणी वाजवणारे हॉर्न बंदच आहेत. एलईडी इंडिकेटर लावले की टिकटिक दुप्पट वेगाने होते, कारण जुन्या फ्लॅशरला कमी लोड म्हणजे बल्ब उडाला असं वाटतं, एलईडीचा फ्लॅशर घ्या, झालं.

मोबाईल चार्जर चावी बंद केल्यावर बंद होईल अशा वायरवर घ्या आणि त्याला स्वतःचा दोन-तीन अँपिअरचा फ्यूज द्या. होल्डर घेताना रबरी डॅम्परवाला घ्या, सिंगल सिलिंडरची थरथर फोनच्या कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझरला मारते, अ‍ॅपलने स्वतः २०२१ मधे याबद्दल सांगितलंय.

बसायचं कसं हे हँडल आणि सीट ठरवतात. हँडल उंच करण्यासाठी रायझर लावला की गाडी जागेवर चालू ठेवून हँडल टोकापासून टोकापर्यंत फिरवा, रेस आपोआप वाढली किंवा डिस्कचा पाईप ताणला गेला तर केबल-पाईप लांब पाहिजेत, हे न बघता रस्त्यावर गेलात तर यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून पळेल. सीटवाल्याकडे गेलात की नुसतं कव्हर बदलून देतो आणि पैसे घेतो, त्याला फोम उघडायला सांगा, बसलेला फोम काढून घट्ट फोम, वर मऊ थर. सीट वाढवताना पाय जमिनीवर पूर्ण टेकतात ना ते बघा, सिग्नलला दर दोन मिनिटांनी टेकायचेत. मागचे शॉकअप बदलायच्या आधी त्याचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन खाचा फिरवून बघा, फुकट आहे, आणि पुढच्या फोर्कमधलं ऑइल बदला. यानंतरही गाडी उड्या मारत असेल तर गॅसवाले शॉक.

जाड टायरचं वेड कमी करा. मागे १००/९०-१७ (रुंदी १०० मिलिमीटर, साईडवॉल तिच्या ९० टक्के, रिम १७ इंच) असेल तर ११०/८०-१७ बसतो, कारण उंची फक्त चार मिलिमीटरने कमी होते, साईडवॉल ९० ऐवजी ८८. पण १२०/८० टाकला की व्यास बारा मिलिमीटरने वाढतो, स्विंगआर्म आणि चेनजवळ जागा उरत नाही, आणि अरुंद रिमवर टायर चिमटल्यासारखा गोल होतो, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग उलट कमी. वळताना गाडी आडमुठी होते आणि अ‍ॅव्हरेज पडतं. मूळ साईझमधे चांगल्या रबराचा टायर घ्या, फरक तिथेच कळेल.

घाटात रडत असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, १५ चा १४ केला की त्याच स्पीडला इंजिन सात टक्के जास्त फिरतं, ताम्हिणी घाटात डबलसीट दम लागत नाही, पण हायवेला ऐंशीला गाडी ओरडते. स्पीडोमीटर पुढच्या चाकावर असेल तर तो खरंच सांगतो, गिअरबॉक्सच्या बाजूने घेतलेला असेल तर चुकतो. शहरातच फिरणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

सायलेन्सरला आता हात घालू. आवाज मोठा म्हणजे पॉवर जास्त, हा गैरसमज आहे. फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा मोकळा सायलेन्सर) लावून कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं भोक) न बदलता चालवलं की मिश्रण पातळ, प्लग पांढरा, इंजिन गरम, मिड-रेंजला पिकअप मेलेला. शिवाय पुणे ट्रॅफिक पोलिसांनी जप्त केलेल्या फटाका सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेला सगळ्यांनी पाहिलाय, आणि सदाशिव पेठेत रात्री अकराला बुलेट फोडत गेलात तर पोलीस यायच्या आधी एखादे काका बाल्कनीतून काय म्हणतील ते तुम्ही ऐकाच. मूळ सायलेन्सर सडला असेल तर मूळच टाका. मडगार्ड कापून टेल टायडी (नंबरप्लेट धरणारी छोटी पट्टी) लावायची असेल तर आधी जूनमधे मागे बसणाऱ्याची पाठ आठवा, आणि साडीगार्ड व मागच्याला धरायचा हँडल हे नियमानेच असावे लागतात, "लूक" साठी काढू नका. ८०५५ चा "बॉस" करणाऱ्या पाट्यांवर तर काही बोलायलाच नको.

काहीही नवीन बसवलं की शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट परत तपासा, हलणाऱ्या जागी थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावा, आणि काढलेला कंपनीचा प्रत्येक पार्ट पिशवीत घालून नाव टाकून माळ्यावर ठेवा, विकताना लागतो.

राहिला रंग. तो सगळ्यात शेवटी, कारण आरसीवर रंग लिहिलेला असतो आणि दुसरा रंग मारायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. तोच रंग परत मारणार असाल तर प्रश्न नाही. टाकी द्यायच्या आधी आतून गंजलीय का टॉर्चने बघा, गंज काढायला जे द्रावण ओततात ते झाकणाच्या कडेने बाहेर ओघळतं, म्हणून आतलं काम आधी आणि रंगाचा हात नंतर. रंगाऱ्याला सांगताना पेट्रोल सांडलं तरी फुगणार नाही असा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर कोट मारायला सांगा, तोंडी नाही, बिलावर लिहून घ्या.